मेलबर्न ते राजापेठ

निधनाची बातमी फोनवर घेताना आमच्या पेपरचे भाऊ आधी मृताचे नाव विचारत आणि लगेच दुसरा प्रश्न टाकत, "बाहेर कोण हाय?" वय, गाव, नोकरी, नातवंडे हे सगळे त्यानंतर. फोन करणारा बहुधा भाचा किंवा शेजारी असे आणि त्याला प्रश्न कळत नसे. "मंडपवाला उभा हाय ना," असे एकाने सांगितल्याचे मी ऐकले आहे.

"तसं नाई हो भाऊ. पोट्टे कुठं असतेत? पुणे, बंगलोर, का समुद्राच्या पल्याड?"

मी अकोल्याहून बदली होऊन अमरावतीच्या कार्यालयात उपसंपादक म्हणून आले तेव्हा निधन वार्तांचे टेबल बरीच वर्षे त्यांच्याकडे होते. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांच्या निधन वार्ता त्यांच्याच हातून जात. कार्यालयात त्यांना 'टॉवर' म्हणत, विमानतळावर विमानांना उतरू देतात तो. तोंडावर मात्र सगळे 'भाऊ' म्हणत.

निधन वार्तेत शेवटची ओळ अंत्ययात्रेच्या वेळेची असते. ती कोण कुठून येणार यावर ठरते, आणि पहिल्या तासा-दोन तासांत घरच्यांना ते ठरवता येत नाही. पूर्वी मुलगा पुण्याहून रातराणीने येत असे. सकाळी दहा लिहिले की भागत असे. नंतर मुले डॅलसहून, दुबईहून, मेलबर्नहून येऊ लागली. घरचे गोंधळून पेपरच्या माणसालाच विचारत, "भाऊ, किती वाजता पोचंल हो तो?" हे सांगणे त्यांचे काम नव्हते. त्यांनी ते अंगावर घेतले.

त्यासाठी त्यांच्याकडे दोनशे पानी वह्या होत्या. एका शहराला एक पान. इंटरनेटवर दोन विमानतळांमधले अंतर टाकले की आकडा लगेच मिळतो. त्या आकड्याचा त्यांना राग होता. मी एकदा मोबाइलवर पाहून सांगितले, मेलबर्न ते नागपूर सरळ रेषेत सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर. ते म्हणाले, "सरळ रेषेत कोण येते? कावळा बी येत नाई. विमानतळ ते विमानतळ मोजू नका. दार ते दार मोजा."

त्यांच्या पानावर दार ते दारच असे. घर ते विमानतळ. रांग. विमान. मधला मुक्काम. पुन्हा रांग. दिल्ली किंवा मुंबईला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत. नागपूरला पट्ट्यावर बॅग. गळ्यात पडणे, दहा मिनिटे. तळेगावला चहा, पंधरा मिनिटे. चहाचे कोणी म्हणत नाही, पण ड्रायव्हर थांबतोच. मग नांदगाव पेठचा टोल, आणि शहरात शिरल्यावर गल्ली, कारण मंडप टाकलेल्या गल्लीत गाडी जात नाही आणि शेवटचे अंतर पायी असते.

हे सगळे लिहिणारा माणूस आयुष्यात विमानात बसलेला नव्हता. ते भातकुलीचे. घरची फुलशेती होती, झेंडू आणि शेवंती. धाकटा भाऊ रोज सकाळी फुलांचा टेम्पो अमरावतीच्या बाजारात आणी, त्यातच बसून ते येत. दुपारपर्यंत त्यांच्या शर्टाला झेंडूचा वास असे. आमचा छायाचित्रकार म्हणे, आपल्याकडे बातमीच्या आधी हार येतो. ते हसत. विनोद त्यांना आवडत, फक्त स्वतःला सांगता येत नसत.

साप्ताहिक सुटीला ते पुष्कळदा एसटीने नागपूरला जात आणि विमानतळावर माणसे बाहेर पडतात त्या कठड्याशी उभे राहत. विमान फलकावर 'उतरले' दाखवले की घड्याळ पाहायचे, पहिला प्रवासी दिसला की पाहायचे, म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया केव्हा येतात ते पाहायचे. सुरक्षारक्षक ओळखू लागला होता. एकदा एका बाईंनी त्यांना गाडीचा ड्रायव्हर समजून मोठी बॅग हातात दिली. ते ती पार्किंगपर्यंत घेऊन गेले. बाई रागावल्या नाहीत का, असे मी विचारले. म्हणाले, "रागावली नं. पण पार्किंगलोक किती वेळ लागते ते मोजाचंच होतं मले."

मला ते पहिल्या दिवसापासून 'अकोला' म्हणत. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे आणि प्रवासी विमान नाही, हा त्यांचा रोजचा विषय. सकाळी मी पर्स ठेवायच्या आत ते विचारत, "काय अकोला, उतरलं का तुमचं विमान?"

"तुमचं तरी कुठं उतरतंय?"

"आमचं येऊन राह्यलं. वाटेत हाय."

मग अमरावतीजवळ बेलोऱ्याला मुंबईचे विमान सुरू झाले. शहरात पेढे वाटले गेले, आमच्या पेपरने पुरवणी काढली. ते सुटी टाकून बेलोऱ्याला गेले, संध्याकाळी परत आले आणि वहीत मुंबईच्या पानावर एकच ओळ वाढवली. मी विचारले, "बस, एवढंच?" ते म्हणाले, "रोज नाई ते. वार पाहून येते. मराले वार नसते."

त्यांना हे वेड का लागले याचा मी शोध घेतला. बातमीदाराची सवय. घरात कोणी परदेशात नव्हते. कोणाची शेवटची भेट हुकली होती असेही आढळले नाही. एकदा थेट विचारले तेव्हा म्हणाले, "लोकं इचारतेत म्हणून सांगतो. नाई इचारतीन तं नाई सांगणार." दुसरे कारण असेल तर ते मला माहीत नाही.

मी नोंदी ठेवणारी बाई आहे. चार-सहा महिन्यांत माझ्या लक्षात आले की त्यांचे आकडे कधी तंतोतंत असतात आणि कधी फार चुकतात. दुबईचा मुलगा पाचला पोहोचेल असे सांगितले, पावणेपाचला पोहोचला. टोरांटोचा मुलगा अकोल्याच्या घरी त्यांनी सांगितलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांनी. पण अचलपूरच्या एका घरी त्यांनी "दुपारी एक" सांगितले आणि बाहेरून येणारे माणूस रात्री उशिरा पोहोचले. अशा घरांसाठी ते बातमीत 'अंत्ययात्रेची वेळ नंतर कळविण्यात येईल' असे लिहीत, आणि मग दिवसभर स्वतः फोन करून वेळ पुढे ढकलत. "विमान लेट हाय." "दिल्लीपरेंत आलं, आता एकच विमान राह्यलं." "नागपूरले उतरलं, बॅगा येऊन राह्यल्या." वाचकांना मात्र अर्धवट बातमी मिळे. लोक अंदाजाने स्मशानात जाऊन परत येत आणि कार्यालयात फोन करून बोल लावत. ते फोन मी घेत असे.

मी तक्ता केला. मृताचे नाव, येणाऱ्याचे शहर, सांगितलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, फरक. वहीतले आकडे बरोबर होते. तोंडी सांगितलेले चूक होते. म्हणजे माणूस थकला आहे, बेरीज चुकते आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि तक्ता संपादकांकडे दिला. भाऊंशी आधी बोलले नाही. त्यात वैयक्तिक काही नव्हते, असे मला तेव्हा वाटले.

आठवड्यात त्यांना बाजारभावाच्या पानावर हलवले आणि निधन वार्ता माझ्याकडे आल्या. 'वेळ नंतर कळविण्यात येईल' ही ओळ बंद करण्यात आली. त्यांनी वह्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"घ्या, अकोला. आकडे बरोबर हायेत यातले."

"भाऊ, मी..."

"कापसाचा भाव पाहाचा हाय मले." आणि ते तीन टेबले पलीकडे जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी मला शिवणीच्या विमानाबद्दल विचारले नाही.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी तीनला अमरावतीतल्याच राजापेठेतून फोन आला. सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका सकाळी सहाला गेल्या होत्या. फोनवर पुतण्या होता. मुलगा अकोल्याला, तो येऊन पोहोचलेला. मुलगी मेलबर्नला, ती निघालेली. आईला पाहू द्या, थांबा, एवढे एकच ती फोनवर सांगत होती, असे पुतण्या म्हणाला. तिकिटाचा फोटो तिने पाठवला होता. त्यावरच्या वेळा त्याने मला वाचून दाखवल्या. मेलबर्नहून सिंगापूर, सिंगापूरहून दिल्ली, दिल्लीहून नागपूरच्या विमानात दुपारनंतरचीच जागा मिळालेली.

"पण पोचंल कधी, ताई? ते भाऊ नाईत का? ते बरोबर सांगतेत म्हणे."

"ते आता या टेबलला नाहीत. मी सांगते."

मी मेलबर्नचे पान काढले. बॅग, गळ्यात पडणे, चहा, टोल, गल्ली. सगळे धरले. बेरीज दोनदा तपासली.

"उद्या रात्री नऊ," मी म्हणाले. "त्याआधी नाही."

"उद्या राती नऊ?" त्याने फोनवर हात ठेवला असावा, पण आवाज येत होते. कोणीतरी म्हणाले, "मंग तं परवा सकाळवर गेलं." दुसरे कोणी, "दोन दोन दिवस ठेवतेत का माणसाले?" एक बाई म्हणाली, "अवो, पेटी हाय नं बर्फाची, पोरगी येऊन राह्यली, थांबा." तिच्यावर एक पुरुष खेकसला, "पेटी हाय म्हणून का आठ दिवस ठेवाचं? लोकं खोळंबले. पोरगा हाय नं इथं, आग द्याले."

मी तीन टेबलांपलीकडे पाहिले. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. एका हातात कापसाच्या भावाची चिठ्ठी, दुसरा हात टेबलावर टेकलेला. ते माझ्याकडे पाहत होते. मग ते खाली बसले.

"ताई, उद्या सकाळी आठ लिहा," पुतण्या म्हणाला.

मी लिहिले. 'अंत्ययात्रा बुधवारी सकाळी आठ वाजता राजापेठेतील राहत्या घरून निघेल.' नेमकी, पूर्ण बातमी होती.

शुक्रवारी दुपारी ती कार्यालयात आली. माझ्याच वयाची, चाळिशीच्या अलीकडची. पायात परदेशात थंडीत घालतात तसले जाड बूट; दुसरी चप्पल आणायला सुचले नसावे. तिला बुधवारच्या अंकाची प्रत हवी होती. मी काढून दिली. तिने तिथेच उभ्याने आईची बातमी वाचली.

"मी ही आधी वाचली आहे," ती म्हणाली. "दिल्लीत. सकाळी सातला उतरले. दादा फोन उचलत नव्हता. मग मोबाइलवर तुमचा पेपर उघडला. त्यात आठ लिहिलं होतं."

मी टेबलावरच्या वह्या एकावर एक रचू लागले.

"आठला मी तिथंच खुर्चीवर बसले होते. पुढचं विमान चारचं. तिथं आजूबाजूला लोक सँडविच खात होते." मग ती म्हणाली, "चुलतभाऊ म्हणतो, पेपरमधून सांगितलं की रात्री नऊच्या आधी ती येत नाही, म्हणून काढलं. वेळ कोणी सांगितली?"

"कार्यालयातून माहिती देण्यात आली होती," मी म्हणाले.

"कोणी दिली, ताई?"

माझ्या टेबलासमोर एक खुर्ची आहे. तिथे बसा, असे मी तिला म्हणायला हवे होते. तेही सुचले नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्या सांगतली, बाई."

ते उठून आले होते. झेंडूचा वास आला. तिने त्यांच्याकडे पाहिले. पांढरे झालेले केस, बाहेर काढलेला शर्ट, खिशात चष्म्याची डबी. तिला हा माणूस अपेक्षित नव्हता.

"तुम्ही?"

"हाव. माहं टेबल होतं ते. लय वर्सं हेच करतो. चुकलं माहं."

"चुकलं नाही ना," ती म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होते. "बरोबर सांगितलं तुम्ही. आठ चाळीसला मी दारात होते. वीस मिनिटं आधीच. घरात सगळे जेवत होते. काका, एवढं बरोबर कशाला सांगितलं तुम्ही?"

ते मान खाली घालून उभे राहिले. ती अंकाची प्रत घडी करून पर्समध्ये ठेवू लागली. घडी नीट बसेना. शेवटी तशीच हातात घेऊन गेली. मी बसलेली होते. मी तोंड उघडले असते तर तिला ऐकू गेले असते; ती अजून जिन्यातच होती.

ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. आधी मीच बोलले. "तुम्ही काय सांगितलं असतं?"

"उद्या दुपारी बारा."

"खोटं?"

"हाव. मंग बाराले फोन केला असता, दिल्लीले हाय, येऊन राह्यली. चारले, बसली इमानात. सहाले, नागपूरले उतरली. मंग दिवस मावळते. मावळल्यावर आपल्याकडं कोणी काढत नाई. आपोआप सकाळवर जाते." ते टेबलावर बोटाने रेघ ओढत होते. "माणूस तीस तास थांबत नसते, अकोला. सहा-सहा तास पाच वेळा थांबते."

"दुबईच्या, टोरांटोच्या मुलांच्या वेळा तर तुम्ही बरोबर सांगत होता."

"पोराले थांबतेच नं लोकं. दोन दिवस थांबतेत. पोराले खोटं सांगाची गरजच नाई."

मी खण उघडून माझा तक्ता काढला. पाच रकाने होते. येणारा मुलगा की मुलगी, हा रकाना त्यात नव्हता. मी पेन घेऊन एकेका नावापुढे लिहीत गेले. फरक जिथे मोठा होता तिथे प्रत्येक ठिकाणी मुलगी होती. अचलपूरचीही. आणि त्या सगळ्याजणी वेळेत पोहोचलेल्या होत्या.

"हे तुम्ही मला सांगायचं होतं, भाऊ."

"तुमी इचारलं का? तुमी लिवलं."

मी तक्ता खणात परत ठेवला. मी म्हणाले, "पण आता तुम्ही कशाला अंगावर घेतलं? फोन मी घेतला होता."

"मी उठलो होतो त्या वक्ती. पाह्यलं नं तुमी?"

"पाहिलं."

"तीन टेबलं. हात लांब करून फोन घेतला असता तं ते पोरगी पोचली असती. मंग काहून बसलो, ते इचारा."

मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले.

"म्हतलं, पाहू दे अकोल्याले. लय हुशार हाय तं होऊ दे." ते उठले. "तुमाले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. म्हणून म्या सांगतली."

मी संपादकांना भेटून त्यांना परत टेबलावर घ्या म्हणाले. संपादक तयार झाले. भाऊच आले नाहीत. म्हणाले, आता लोकांना मोबाइलवर विमान हलताना दिसते, कुठल्या देशावरून चालले तेही दिसते. बारा वाजता येते म्हणून कोणाला सांगणार? निवृत्तीपर्यंत ते कापूस, तूर आणि सोयाबीनचे भाव लिहीत राहिले. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केले नाही. मीही बोलले नाही. माझे नाव बोलणाऱ्यांच्या यादीत होते.

भातकुली अमरावतीहून अर्ध्या तासाच्या आत आहे. त्यांना भेटून यावे असे मी बरेचदा ठरवले. त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हाही मी टेबलावरच होते. भाऊंच्या निधनाची बातमी मीच घेतली. बाहेर कोणी नव्हते. दुपारीच उरकले.

त्यानंतर चार महिन्यांनी मेलबर्नहून फोन आला. आईच्या पुण्यस्मरणाचा मजकूर द्यायचा होता. मी उतरवून घेतला. शेवटी ती म्हणाली, "ताई, तिथं एक काका होते. वेळ सांगणारे. मी त्यांना फार लागेल असं बोलले. म्हातारा माणूस, खाली मान घालून उभे होते. त्यांना सांगाल का, माझ्या मनात काही नाही म्हणून? आहेत ना ते अजून?"

"आहेत," मी म्हणाले. "सांगते."

तिने आभार मानले. मी तिच्या आईचे नाव पुन्हा एकदा विचारून तपासून घेतले आणि मजकूर पानावर लावला.